‘टू रीड’ म्हणजे वाचणं, वाचायला की वाचायचं?

प्रश्न: माझं शिक्षण मराठीतून झालं. आता कामासाठी रोज इंग्रजीत लिहावं लागतं. ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हा नियम शाळेपासून पाठ आहे. गेल्या महिन्यात एका पत्राच्या शेवटी मी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं लिहिलं. वरिष्ठांनी ‘मीट’ खोडून ‘मीटिंग’ केलं, तेही सगळ्यांसमोर. कारण विचारलं तर ‘तसंच असतं’ म्हणाले. घरी येऊन व्याकरणाचं पुस्तक उघडलं. ‘इन्फिनिटिव्ह फ्रेज’, म्हणजे ‘टू’ आणि क्रियापदाच्या मूळ रूपाचा गट, कधी नामाचं, कधी विशेषणाचं, कधी क्रियाविशेषणाचं काम करते, असं त्यात दिलंय. पण ‘टू रीड’ तर सगळीकडे सारखाच दिसतो. मग तो कुठे काय करतोय हे ओळखायचं कसं? चाळिशी ओलांडल्यावर मला हे जमेल का? आय वॉन्ट दॅट यू शुड हेल्प मी फॉर अंडरस्टँडिंग धिस.

उत्तर: ‘जमेल का’पासून सुरुवात करते, कारण पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. जमेल. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. जे काम तुम्हाला इंग्रजीत अवघड वाटतंय, ते तुम्ही मराठीत दिवसभर करता. याच पत्रात ‘ओळखायचं कसं’ असं तुम्ही लिहिलंत. ‘ओळखायला कसं’ असं लिहिलं नाहीत. कुठल्या जागी कुठलं रूप बसतं हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

वरिष्ठांची दुरुस्ती बरोबर होती. पण ‘तसंच असतं’ हे काही उत्तर नव्हे. त्यामागे कारण आहे, ते पाच मिनिटांत सांगता येतं, आणि सगळ्यांसमोर खोडाखोड करण्यापेक्षा ती पाच मिनिटं देणं जास्त उपयोगाचं झालं असतं. त्या कारणाकडे येतेच. आधी तुमचा मोठा प्रश्न घेऊ, कारण ‘मीटिंग’चं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

ही तीन वाक्यं बघा. ‘वाचणं हा माझा छंद आहे.’ ‘मी वाचायला बसले.’ ‘वाचायचं पुस्तक टेबलावर आहे.’ धातू एकच, ‘वाच’. पण मराठी प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळी शेपटी लावते. पहिल्या वाक्यात तो नाम झालाय, दुसऱ्यात बसण्याचं कारण सांगतोय, तिसऱ्यात पुस्तकाचं वर्णन करतोय. शेपटी बघितली की काम कळतं. इंग्रजीनं आपल्या शेपट्या फार पूर्वी गमावल्या. तिथे तिन्ही ठिकाणी ‘टू रीड’च येतो: ‘माय हॉबी इज टू रीड’, ‘आय सॅट डाउन टू रीड’, ‘अ बुक टू रीड’. तुमचा गोंधळ इथून सुरू होतो, आणि तो रास्त आहे. मराठी माणूस रूपाकडे बघून अर्थ लावतो. इंग्रजीत रूप बोलत नाही, जागा बोलते.

म्हणून पहिली सवय अशी लावा की नुसत्या ‘टू रीड’कडे बघायचं नाही. त्याच्यामागून जो लवाजमा येतो तो सगळा एकत्र धरायचा. ‘आय वॉन्ट टू रीड द रिपोर्ट केअरफुली बिफोर द मीटिंग’ या वाक्यात ‘टू’पासून ‘मीटिंग’पर्यंत सगळा एकच पदबंध आहे. त्याच्याखाली पेन्सिलनं एक रेघ ओढा. ‘फ्रेज’ म्हणतात ती एवढी सगळी. आता रेघ ओढलेला भाग एका बोटानं झाकून उरलेल्या वाक्याला विचारा की इथे कशाची जागा रिकामी राहिली? ‘आय वॉन्ट...’ म्हटल्यावर आपण आपोआप विचारतो, काय? ‘काय’ला उत्तर देणारा पदबंध नामाचं काम करतो, आणि त्याच्या जागी ‘धिस’ किंवा ‘इट’ टाकलं तरी वाक्य उभं राहतं: ‘आय वॉन्ट धिस’. ‘आय सॅट डाउन’ हे वाक्य मात्र पूर्ण आहे. तिथे ‘काय’ विचारता येत नाही, ‘कशाला’ विचारता येतं. ते क्रियाविशेषणाचं काम. आणि ‘अ बुक’ म्हटल्यावर ‘कसलं’ किंवा ‘कोणतं’ विचारलं, तर ते विशेषण. काय, कशाला, कसलं. या तीन प्रश्नांनी बहुतेक वाक्यं सुटतात.

शेपटीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इसवी सन 1100च्या आधी, त्या भाषेलाही शेपट्या होत्या. ‘ड्रिंकन’ म्हणजे पिणं. आणि ‘तो ड्रिंकेन्ने’ म्हणजे, अगदी शब्दशः, प्यायला. ‘तो’ हे शब्दयोगी अव्यय, त्याचा अर्थ ‘-कडे’, आणि पुढे क्रियापदापासून बनलेलं नाम, चतुर्थी विभक्तीत. आता आपल्या ‘प्यायला’कडे बघा. जुनं रूप ‘प्यावयास’. शेवटचा ‘स’ काय, ‘ला’ काय, दोन्ही चतुर्थीचेच प्रत्यय. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांनी एकच युक्ती वापरली: कामाचं नाव घ्यायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवायचं. पुढे इंग्रजीतली ‘एन्ने’ ही शेपटी गळून पडली, बोट तेवढं राहिलं. आजचा ‘टू’ म्हणजे तेच. ‘टू’ बहुधा अजून न झालेल्या गोष्टीकडे का बघतो, हेही त्यातून कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुन्या भाषेतलं ते साधं, ‘टू’ नसलेलं रूप पूर्ण मेलं नाही. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागे ते अजून उभं आहे, म्हणून आपण ‘कॅन टू गो’ म्हणत नाही. ‘लेट’ आणि ‘मेक’नंतरही तेच: ‘शी मेड मी वेट’. गंमत म्हणजे हेच वाक्य कर्मणी केलं की ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वेट’. हे मात्र पाठच करावं लागतं.

आता तुमचं ‘मीटिंग’. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटलेला, ज्याच्याबद्दल आतापर्यंत बोलले. दुसरा अजूनही साधं शब्दयोगी अव्यय आहे, ‘टू द ऑफिस’मधला, ‘टू हर’मधला. शब्दयोगी अव्ययानंतर नाम हवं. क्रियापद आणायचंच असेल तर त्याला ‘-इंग’ लावून नाम करून आणावं लागतं. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ या दुसऱ्या जातीचा आहे. ओळखायचं कसं? त्याच्यापुढे सरळ एखादं नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द वीकेंड’ चालतं. म्हणजे हा नाम मागणारा ‘टू’, आणि म्हणून ‘टू मीटिंग यू’. उलट ‘आय वॉन्ट टू द वीकेंड’ कानाला लगेच खटकतं. म्हणजे ‘वॉन्ट’नंतरचा ‘टू’ क्रियापदाचा, आणि म्हणून ‘वॉन्ट टू मीट यू’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘ॲडिक्टेड टू’ हेही ‘लुक फॉरवर्ड टू’च्याच घरातले.

‘यूज्ड टू’ मात्र दोन्ही घरांत राहतो आणि भल्याभल्यांना फसवतो. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे मी पूर्वी रात्री काम करायचे. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे मला रात्री काम करण्याची सवय आहे. ‘यूज्ड’च्या आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांपैकी काही दिसलं आणि अर्थ ‘सवय आहे’ असा निघाला की ‘-इंग’ घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण जिथे तुमची मराठी तुम्हाला इंग्रजीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगली वाट दाखवेल, त्या जागेवर मला जरा रेंगाळायचंय. ‘आय फर्गॉट टू लॉक द डोअर’ आणि ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग हर’ यांत एकदा ‘टू’, एकदा ‘-इंग’, असं का? पुस्तकं यावर लांबलचक तक्ते देतात. तुम्ही फक्त मराठीत बोला. ‘दाराला कुलूप लावायला विसरले.’ कुलूप लावलं का? नाही. ‘तिला पाहिल्याचं कधी विसरणार नाही.’ पाहिलं का? हो. ‘लावायला’ पुढे बघतं, ‘पाहिल्याचं’ मागे बघतं. ‘टू’ आणि ‘-इंग’ यांच्यात इथे तेवढाच फरक आहे. ‘रिमेंबर’चंही तसंच. ‘रिमेंबर टू कॉल हिम’ म्हणजे त्याला फोन करायचं लक्षात ठेव, ‘आय रिमेंबर कॉलिंग हिम’ म्हणजे त्याला फोन केल्याचं मला आठवतंय. ‘स्टॉप’ तर याहून सोपं. ‘शी स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे ती बोलायला थांबली. ‘शी स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे ती बोलायची थांबली. एका अक्षरानं अर्थ उलटा होतो, आणि मराठी बोलणारं लहान मूलही त्यात चुकत नाही. इंग्रजीचं डोकं म्हणतात ते वेगळं काही नसतं हो. जे डोकं ‘बोलायला’ आणि ‘बोलायची’ यांत गल्लत करत नाही, तेच इथे लागतं.

पण मराठी नेहमीच खरं बोलते असं नाही, आणि ती कुठे दगा देते हे न सांगता पत्र संपवणं बरोबर होणार नाही. ‘भाषा शिकायला वेळ लागतो’ या मराठी वाक्यात ‘वेळ’ कर्ता आहे. इंग्रजीत ‘टू लर्न अ लँग्वेज टेक्स टाइम’ म्हटलं की ‘टू लर्न अ लँग्वेज’ हा अख्खा पदबंध कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. मराठीतली ‘-ला’ बघून त्याला क्रियाविशेषण समजू नका, जागा बघा. शिवाय इंग्रजीला वाक्याच्या तोंडाशी एवढं ओझं आवडत नाही. म्हणून ती खुर्ची अडवायला ‘इट’ बसवते आणि खरा कर्ता मागे ढकलते: ‘इट टेक्स टाइम टू लर्न अ लँग्वेज’. या ‘इट’चा अर्थ शोधत बसू नका, त्याला अर्थ नाही. तो नुसती जागा धरतो.

दुसरा दगा विशेषणाच्या कामात. ‘राहायला घर’, ‘लिहायला पेन’, ‘बोलायला माणूस’. किती सुटसुटीत! घरात राहायचं, पेननं लिहायचं, माणसाशी बोलायचं, हे ‘-त’, ‘-नं’, ‘-शी’ मराठी गिळून टाकते. इंग्रजी गिळू देत नाही. ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘अ पेन टू राइट विथ’, ‘समवन टू टॉक टू’. शेवटचा तो लोंबकळणारा शब्द मराठी कानाला अनावश्यक वाटतो, म्हणून आपण तो सोडतो. वाक्य पूर्ण करून बघितलं की तो हवा का नको ते कळतं: पुस्तक वाचतो, ‘रीड अ बुक’, मध्ये काही नाही, म्हणून ‘अ बुक टू रीड’ एवढंच. पण ‘लिव्ह अ हाउस’ होत नाही, ‘लिव्ह इन अ हाउस’ होतं. म्हणून ‘इन’ राहिला.

तिसरा दगा ‘साठी’चा. ‘भेटण्यासाठी आले’ हे मनात मराठीत तयार होतं आणि कागदावर ‘आय केम फॉर मीटिंग हिम’ उतरतं. आपण स्वतः का गेलो, का आलो, का थांबलो हे सांगताना इंग्रजीला साधा ‘टू’ पुरतो: ‘आय केम टू मीट हिम’. ‘फॉर’ आणि ‘-इंग’ची जोडी वस्तूचा उपयोग सांगायला ठीक, ‘अ नाइफ फॉर कटिंग पेपर’ वगैरे. आणि जाता जाता, प्रत्येक ‘टू’ हेतूच सांगतो असंही नाही. ‘शी वोक अप टू फाइंड द हाउस एम्प्टी’. घर रिकामं बघायला कुणी उठत नाही. ती उठली आणि बघते तो घर रिकामं. तिथे ‘टू’ परिणाम सांगतो.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. ‘टू’नंतरचं काम करणारा कोण? ‘इन्फिनिटिव्ह’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मर्यादा नसलेलं. पुरुष, वचन यांचं बंधन त्याला नसतं, म्हणून ‘ही वॉन्ट्स टू गोज’ होत नाही. ते ओझं ‘वॉन्ट्स’नं आधीच उचललेलं असतं. पण बंधन नाही म्हणजे कर्ता चेहऱ्यावर दिसतही नाही, तो शोधावा लागतो. ‘आय टोल्ड हिम टू गो’, जाणार तो. ‘आय प्रॉमिस्ड हिम टू गो’, जाणार मी. शब्दांची रचना तीच, जाणारा माणूस बदलला. नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञानं 1960च्या दशकात अशाच एका जोडीकडे लक्ष वेधलं होतं: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. दिसायला जुळी भावंडं. मराठी करा. जॉन इतरांना खूश करायला उत्सुक आहे. जॉनला खूश करणं सोपं आहे. पहिल्यात खूश करणारा जॉन, दुसऱ्यात खूश होणारा जॉन. ‘मला उद्या येणं अवघड आहे’चं ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम टुमॉरो’ का करू नये, हेही यातून कळेल. त्या वाक्यात अवघड येणं नाही, अवघड तुम्ही ठरता. तिथे ‘इट’ला बोलवा आणि काम करणाऱ्याच्या आधी ‘फॉर’ लावा: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम टुमॉरो’.

नकाराची जागाही अशीच अर्थ फिरवते. ‘आय डिसायडेड नॉट टू गो’ म्हणजे न जायचं ठरवलं. ‘आय डिडन्ट डिसाइड टू गो’ म्हणजे जायचं असं काही ठरवलं नाही. कामाच्या पत्रात पहिलं म्हणायचं असताना दुसरं गेलं तर घोटाळा होतो. पदबंधातल्या कामाला नकार द्यायचा असेल तर ‘नॉट’ ‘टू’च्या लगेच आधी ठेवा.

कुणी तुम्हाला असंही सांगेल की ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालणं पाप आहे. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 1864 साली या सवयीवर आक्षेप घेतला आणि पुढे शाळांनी तो नियमासारखा चालवला. माझं मत स्पष्ट आहे: भिऊ नका. ‘आय वॉन्ट टू रियली अंडरस्टँड धिस’ म्हणजे मला हे नीट समजून घ्यायचंय. ‘आय रियली वॉन्ट टू अंडरस्टँड धिस’ म्हणजे मला हे समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे. नियम पाळायला ‘रियली’ हलवला की अर्थही हलतो. जो अर्थ हवा तिथे शब्द ठेवा.

पुढचे काही आठवडे एक करा. तुम्ही पाठवलेली जुनी इंग्रजी पत्रं काढा, दुसऱ्यांची नकोत, स्वतःचीच. प्रत्येक ‘टू’खाली रेघ ओढा, लवाजमा कुठे संपतो ते बघा, कागदाच्या समासात ‘काय’, ‘कशाला’, ‘कसलं’ यातलं एक लिहा, आणि काम करणारा कोण तेही. जो ‘टू’ यातल्या कशातच बसणार नाही, त्याच्यापुढे एखादं नाम ठेवून बघा. रोज एकच पत्र. पहिल्या दोन दिवसांत कंटाळा येईल, हे आधीच सांगते.

सुरुवात मीच करून देते, तुमच्या पत्राच्या शेवटच्या इंग्रजी वाक्यापासून. ते वाक्य इंग्रजीत लिहायचं धाडस केलंत, याचं मला फार कौतुक वाटलं. ‘आय वॉन्ट दॅट यू शुड हेल्प मी फॉर अंडरस्टँडिंग धिस’. ‘तुम्ही मदत करावी असं मला वाटतं’ हे मराठी वाक्य त्याच्याखाली जसंच्या तसं दिसतं. ‘असं’चा ‘दॅट’ झाला, ‘करावी’चा ‘शुड’. इंग्रजीतला ‘वॉन्ट’ असं जोडवाक्य घेत नाही. त्याला माणूस आणि त्याच्यामागे ‘टू’चा पदबंध हवा: ‘आय वॉन्ट यू टू हेल्प मी’. मदत करणार कोण? मी. आणि पुढचं ‘फॉर अंडरस्टँडिंग’ हा ‘साठी’चा दगा. ‘हेल्प’ला दोन्ही चालतं, ‘टू’सकट किंवा ‘टू’शिवाय, पण ‘टू’शिवाय जास्त सहज वाटतं: ‘आय वॉन्ट यू टू हेल्प मी अंडरस्टँड धिस’. समजून घेणार कोण? तुम्ही.